मदत हवी आहे: दुकानात हिशेब चोख, वही मात्र कोरी (पाचवीतला मुलगा)

नमस्कार मंडळी. इथे नेहमी नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. विषय मुलाच्या अभ्यासाचा आहे. 'मोबाइल काढून घ्या' हा उपाय करून झालाय, तेवढा सोडून काहीही सांगा.

कराड तालुक्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं (जळालेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळायचं) दुकान आहे. मुलगा पाचवीत. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होता, यंदा हायस्कूलला घातला. तिथे पाचवीपासून सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून.

जुन्या शाळेत तो हुशारच गणला जायचा. बाईंनी काही विचारलं की उत्तर तोंडावर. पाढे, कविता सगळं ऐकून पाठ. वाचायला दिलं की पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून द्यायचा. 'पाऊस' असेल तिथे 'पाणी'. अर्थ जुळून जायचा, त्यामुळे कुणाला खटकलं नाही.

आता शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं, रविवारी दुखत नाही. फळ्यावरचं उतरवून पुरं होत नाही. काना-मात्रा गळतात, जोडाक्षर आलं की गाडी थांबते. त्रेसष्ट सांगितलं की ३६ लिहितो. शिकवणीच्या सरांनी एकेक शब्द दहादा लिहायला लावला, तर दर ओळीत नवीन चूक. (आळशी पोरगा एकच चूक दहादा उतरवेल हो, दहा नव्या कशाला शोधेल?)

आणि हाच पोरगा दुकानात जळालेल्या कॉइलचे टर्न (तारेचे वेढे) मोजून बरोबर सांगतो. बिल साडेअठराशे झालं आणि गिऱ्हाइकाने दोन हजार दिले की 'दीडशे परत' हे माझ्याआधी त्याच्या तोंडातून येतं. एक फेज गेला की मोटर नुसती गुरगुरते, तशीच चालू ठेवली तर जळते, हे शेतकऱ्यांना तोच समजावतो. विज्ञानाची वही बघितली तर तारीख आणि धड्याचं नाव, पुढे काही नाही.

वर्गशिक्षक म्हणतात लक्ष नाही. आमचे आबा म्हणतात, नाही शिकला तर दुकान आहेच. पोराने तेवढंच धरून ठेवलंय. बायको म्हणते आधी डॉक्टरला दाखवू. त्यात पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे. त्यात राहिला तर पुनर्परीक्षा, तीही गेली तर पुन्हा पाचवीच.

तर, सेमीतून काढून पूर्ण मराठीत घालू का? दुखणं माध्यमाचं आहे की वाचनाचं, हे घरी कसं ओळखायचं? आणि तपासणी करायची तर ती मराठीतून होते का? दुकान बंद ठेवून मुंबईला खेटे घालणं परवडणार नाही.

खडूफळा:
दादा, मी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेली शिक्षिका. त्रेसष्टचं ३६ बघून लगेच घाबरू नका. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, ऐकलं त्या क्रमाने मूल लिहितं. म्हणूनच २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांच्या जोडीला 'साठ तीन' अशी वाचनाची रीत आली. त्यावरून केवढा गदारोळ झाला होता! तुमचं पोरगं त्याच पुस्तकावर शिकलेलं असणार. म्हणजे वर्गात साठ तीन, दुकानात त्रेसष्ट आणि यंदा सिक्स्टी थ्री. शिवाय सेमीला अंकही इंग्रजी. आपला १ आणि त्यांचा नऊ, आपला ४ आणि त्यांचा आठ शेजारी शेजारी काढून बघा, म्हणजे कळेल. पाचवीच्या सुरुवातीला चांगली मुलंही इथे अडखळतात, पण बहुतेक दिवाळीपर्यंत सावरतात.

घरी दोन गोष्टी करा. गणितातली शाब्दिक उदाहरणं तुम्ही मराठीतून वाचून दाखवा, त्याला वाचायला लावू नका. सुटली तर गणित येतंय. मग मराठीचा, तोंडपाठ नसलेला एखादा सोपा उतारा, चौथीच्याच पातळीचा, त्याला मोठ्याने वाचू द्या. तिथेही अडला तर नुसतं माध्यम बदलून भागायचं नाही.

रोखठोक_पाटील:
आमच्या वेळी छडी होती. सगळे वाचायला शिकले. आता लाड फार झालेत.

खडूफळा:
@पाटील, सगळे नाही शिकले. जे नाही शिकले ते चौथीतच शाळा सोडून गुरांमागे गेले, म्हणून तुम्हाला आठवत नाहीत. आणि छडी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंद केली आहे, मानसिक छळसुद्धा.

धागाकर्ता:
बाई, तुम्ही सांगितलं तसं केलं. वाचून दाखवलेली उदाहरणं तोंडी सोडवली, भागाकाराचीसुद्धा. उताऱ्यापाशी मात्र घाम फुटला. 'प्रकाश'चं 'पकाश' केलं, 'सूर्य' शब्दावर बसूनच राहिला. म्हणजे घोडं मराठीतच अडलंय.

वेलांटी:
मी विशेष शिक्षिका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचं वर्णन वाचनातल्या अध्ययन अक्षमतेशी (डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडतं) जुळतं, पण इथे बसून मी शिक्का मारणार नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. हे फार लोक वगळतात आणि पुढच्या चाचण्या वाया जातात.

दुसरी गोष्ट, तो पहिलीत कधी होता? २०२१-२२ ला असेल तर ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबरात उघडले होते. अक्षरओळखीचं अर्धं वर्ष घरात गेलं. अशा मुलांचा पायाच कच्चा राहिलेला असू शकतो, आणि तो नीट शिकवला की काही महिन्यांत फरक दिसतो. अध्ययन अक्षमता असेल तर शिकवूनही वाचन फार हळू सरकतं. दोन्ही एकत्रही असतं. त्यामुळे तपासणीची वाट बघत थांबू नका, शिकवणं आजच सुरू करा.

कसं? दहा-दहा वेळा लिहिणं पूर्ण बंद. रोज थोडाच वेळ, पण एकावेळी एकच गोष्ट. आपल्या लिपीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चार नंतर करायचा. रफार डोक्यावर, पण बोलायचा अक्षराच्या आधी. 'प्र'मधला र पोटात तिरका. मोठ्यांना हे जाणवत नाही, या मुलांना इथेच चकवा बसतो. शब्द तोडून, बोट ठेवून, आवाजासकट घ्या. विज्ञानाचा धडा तुम्ही वाचून दाखवा म्हणजे वाचनापायी विज्ञान मागे पडणार नाही.

तपासणी मराठीतून होते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' नावाची चाचणी २०१५ पासून मराठीतही आहे, पहिली ते पाचवीसाठी. तुमच्याकडे हेच वर्ष उरलंय. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात (शिक्षण विभागाचं) समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ असतात, सुरुवात तिथून करा. प्रमाणपत्र हवं असेल तर साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आलेली आहे आणि मूल आठ वर्षांचं झालं की प्रमाणपत्र मिळू शकतं. बुद्ध्यांक चाचणी लागेल. त्याला बिचकू नका, बुद्धी शाबूत आहे हे कागदावर यावं यासाठीच ती असते.

पोटदुखी खोटी नाही, एवढं मात्र घरात सगळ्यांना सांगा.

तारजोड:
आबांना एक निरोप द्या. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला दहावी पास लागते, तीही गणित-विज्ञान घेऊन. दुकानाच्या पलीकडे काही करायचं म्हटलं की हा कागद आडवा येतो, मी स्वतः त्यातून गेलोय.

आणि एक सुचवतो, मोटर आली की कार्डावर गिऱ्हाइकाचं नाव, एचपी (मोटरची ताकद) आणि तक्रार पोरालाच लिहू द्या. चुकलं तरी कार्ड दुकानातच राहतं.

मायलेकी:
माझ्या मुलीला बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळाला. त्यासाठी प्रमाणपत्र वेळेत काढा, दहावीच्या तोंडावर धावपळ फार होते. सेमीचं म्हणाल तर तिला आम्ही सहावीत पूर्ण मराठीत आणलं. वाचन त्याने सुधारलं नाही, ते शिकवूनच सुधारलं. पण एका भाषेचं ओझं उतरल्यावर ती शाळेत परत बोलायला लागली.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. पहिली २०२१-२२ चीच. आमच्याकडे स्मार्टफोन एक, तो दुकानात, त्यामुळे ऑनलाइन वर्ग नावालाच झाले. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा डोळे-कान आणि गटसाधन केंद्र उरकतो. माध्यम या वर्षी मध्येच बदलत नाही, तपासणी झाल्यावर बघू.

कार्डाचं कालच सुरू केलं. 'पाणबुडी'चं (पाण्यात बुडवून चालवायची मोटर) 'पाबुणडी' झालंय, पण लिहिलंय.

एकच शेवटचं विचारतो: प्रमाणपत्र हातात यायच्या आधी शाळेला सांगावं का? सर चांगले आहेत, पण वर्गात साठ पोरं. उगाच 'तो तसला' असा शिक्का बसायला नको.

वेलांटी:
सांगा, पण अक्षमतेचं नाव घेऊन नाही. तीनच मागण्या करा: पुढच्या बाकावर बसवा, वर्गात अचानक उभं करून वाचायला लावू नका आणि फळ्यावरचं उतरवून झालं नाही तर शेजाऱ्याची वही घरी न्यायला द्या. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.