मदत हवी आहे: शाहूपुरीतलं पुरात भिजलेलं घर विकायचंय, आधी कुठं खर्च करू?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला आमचं घर आहे. बैठं घर, वर माडीची एक खोली, मागं थोडं परडं. वडिलांनी 1988 ला घेतलेलं. वडील आता नाहीत, आम्ही आर. के. नगरला राहतो, आई आमच्यातच असते, बहीण पुण्याला. घर बंदच असतं, म्हणून तिघांच्या मतानं विकायचं ठरलंय.

गल्लीची हकीकत कोल्हापूरकरांना सांगायला नको. 2019 ला पाणी आलं तेव्हा सगळे म्हणाले असला पूर काय रोज येत नाही, आणि 2021 ला परत आलाच, दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला 55 फुटाच्या वर, धोका पातळी 43 असताना. त्यानंतर आमच्या बाजूला घर घ्यायला कोण फिरकंना, एकानं तर अडलेला माणूस बघून निम्म्या भावात मागितलं, वर म्हणाला पाण्यातलं घर आहे तुमचं, विचार करा. आता मात्र चौकश्या परत सुरू झाल्यात. ऑगस्ट 2025 ला सीपीआर दवाखान्यासमोर मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालं तेव्हापासनं वकील लोक ऑफिसला जागा बघत फिरतात असं एजंट सांगतोय. भाव उठलाय म्हणतोय. एजंट म्हणणारच म्हणा.

आता प्रश्न. सोप्याच्या भिंतींना गुडघ्याच्या वरपर्यंत लोणा, म्हणजे ओलीचं मीठ, धरलाय, हात फिरवला की पांढरी पूड हाताला येते आणि पोपडे पडतात. पुढचं सागवानी दार फुगलंय, पावसाळ्यात खांदा लावल्याशिवाय लागत नाही. किचनच्या ट्रॉल्या खालनं कुजल्यात. एजंट म्हणतो पुट्टी मारून झकास रंग द्या, ट्रॉल्या नव्या करा, ग्रॅनाइटचा ओटा टाका, चार लाख घाला आठ लाख वाढवून घ्या. मला हे गणित काही पटत नाही पण बायकोला पटलंय.

आणि अजून एक, दाराच्या मागं वडिलांनी ऑइलपेंटनं तीन रेघा मारून ठेवल्यात, 2005, 2019 आणि 2021, प्रत्येक रेघेपुढं तारीख. एजंट म्हणतो ह्या पहिल्या पुसा, गिऱ्हाईक बघून पळंल. आई म्हणते हात लावायचा नाही. काय करू सांगा.

— परड्यातला

---

रंकाळाकाठ:
दादा, रंगाचं नंतर बघा, आधी गिऱ्हाईक कोण ते ठरवा. तुमच्या भागात दोन जातीची माणसं येतात. एक राहायला येणारा, दुसरा पाडून बांधणारा. पाडणारा तुमचा ओटा बघायला येतच नाही, तो रस्ता किती फुटी आहे, झोन कुठला आणि पूररेषेत कुठं बसतंय एवढंच विचारतो. निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीजवळच्या पूररेषेच्या, आत असेल तर नव्या बांधकामाला सहसा परवानगी मिळत नाही, म्हणजे बांधणारा गिऱ्हाईक बहुतेक संपला. निळी आणि तिच्या पलीकडची लाल रेषा ह्यांच्या मधी असेल तर अटी घालून देतात. महापालिकेच्या नगररचना विभागातनं झोन दाखला आणि पूररेषेचा अभिप्राय आधी काढा, मग चार लाखाचं बघू.

तांबडापांढरा:
लोणा धरलेल्या भिंतीवर पुट्टी अजिबात मारू नका, पहिल्या पावसात फुगे येणार आणि घेणाऱ्याला वाटणार हे लपवायलेत. जिथपर्यंत ओल दिसतेय त्याच्या वर फूटभर प्लास्टर काढून टाका, विटेवरची पांढरी पूड कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुवत बसू नका नाहीतर मीठ परत आत जातं. मग भिंत उघडीच ठेवा. पावसाळा जाऊ दे, दिवाळीपर्यंत वारं लागू दे, त्यानंतर प्लास्टर. ट्रॉल्या काढून फेका, नव्या करू नका, मोकळा कडाप्प्याचा ओटा कुजक्या प्लायपेक्षा कधीही चांगला दिसतो. दार सुताराकडनं रंधून घ्या, सागवान आहे, विकणाऱ्यानं ते बदललं म्हणजे भंगारवाल्याची दिवाळी. आणि विजेचे बोर्ड अजून खालीच असतील तर छातीएवढे वर घ्या, हा खर्च मात्र डोळे झाकून करा, आमच्या न्यू शाहूपुरीतल्या पाहुण्यांकडं बघायला येणारा प्रत्येक जण तेच विचारत होता.

काळाकोट_पांढराबँड:
रेघांबद्दल सांगतो, वकील आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 55. घेणाऱ्याला साध्या चौकशीनं कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर त्यानं तो सांगायचा असतो. तुमच्या गल्लीत पाणी येतं हे पानपट्टीवाला पण सांगेल, त्यामुळं रेघा पुसून तुम्ही काहीच लपवू शकत नाही, उलट उद्या भांडण झालं तर ताजा रंग तुमच्याच अंगावर येईल. उलटं करा, घेणाऱ्याला रेघा स्वतःहून दाखवा, पाणी कुठपर्यंत आलं, किती दिवसानं उतरलं, नंतर काय काय दुरुस्त केलं ते सांगा आणि साठेखतात, म्हणजे खरेदीआधीच्या करारात, तसं लिहून घ्या.

आता मी विचारतो. प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं आहे? माडीच्या खोलीची परवानगी आहे का?

परड्यातला:
प्रॉपर्टी कार्डावर अजून वडिलांचंच नाव आहे साहेब. खोली 2005 च्या पुरानंतर बांधली, सामान वर ठेवायला म्हणून, कागद काही नाही. बहिणीचं हक्कसोडपत्र करून घ्यावं असं मामा म्हणतात.

काळाकोट_पांढराबँड:
मग तुमचं काम इथंच अडलंय. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद घेऊन सिटी सर्व्हे ऑफिसात वारस नोंदीचा अर्ज आजच टाका, त्याला वेळ लागतो. घेणारा कर्ज काढणार असेल तर बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च काढतो, म्हणजे मालकीच्या नोंदी तपासतो, आणि किंमत ठरवणारा व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात घेऊन येतो. नकाशात नसलेली खोली तो मूल्यांकनात धरत नाही, कधी कधी फाईलच परत येते. खोली नियमित करून मिळते का ते आर्किटेक्टला विचारा. नाही मिळाली तर खोलीसकट भाव सांगू नका.

हक्कसोड कशाला करताय? तुम्ही, आई, बहीण, तिघं विक्रेते म्हणून खरेदीपत्रावर सह्या करा, पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात येऊ देत. ताईंना पुण्याहून यायला जमणार नसेल तर नोंदणीकृत मुखत्यारपत्र. मामांना नमस्कार सांगा.

हिशोबवही:
टॅक्सचं कुणीच बोललं नाही. घर 2001 च्या आधीचं आहे म्हणजे 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाची किंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते, नोंदणीकृत व्हॅल्युअरचा रिपोर्ट काढा, फक्त त्या वेळच्या सरकारी मूल्यांकनापेक्षा जास्त धरता येत नाही. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेलं घर असल्यानं इंडेक्सेशन लावून (म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून) नफ्यावर 20 टक्के की न लावता 12.5 टक्के, जे कमी बसेल ते. भिंतीच्या रंगाचा खर्च ह्यात वजा होत नाही बरं का, एजंटची दलाली होते, म्हणून ती चेकनं द्या. व्यवहार 50 लाखाचा किंवा वरचा असेल तर घेणारा 1 टक्का टीडीएस कापूनच पैसे देणार, तेव्हा तिघांची पॅनकार्डं तयार ठेवा. आणि नवीन घर घेणार असाल तर नफा त्यात गुंतवायला विक्रीनंतर दोन वर्षं मिळतात, बांधणार असाल तर तीन.

साळोखेनगरची_ताई:
मी एक बाई म्हणून सांगते, घर दाखवायच्या आधी आठ दिवस रोज सकाळी जाऊन दारं खिडक्या उघडा. बंद घराचा कुबट वास आला की बाईमाणूस स्वयंपाकघरापर्यंत पण जात नाही, तिथनंच नवऱ्याला खुणावते. न्हाणीची मोरी आणि परड्यातली गटर साफ करून घ्या, त्याला फार पैसे लागत नाहीत. आईंचं सामान आधी हलवा.

परड्यातला:
ताई, सामानाचंच तर अवघड आहे. तांब्याचा बंब, घंगाळ, तीन पेट्या, आणि पुरात भिजून वाळवलेली लग्नाची आल्बम, फोटो सगळे एकमेकांना चिकटलेत, उघडता येत नाहीत तरी आई टाकू देत नाही. बंब आर. के. नगरला आणतो, बाकीचं हळूहळू.

सगळ्यांचे आभार. सिटी सर्व्हेचा अर्ज आणि पूररेषेचा दाखला ह्या आठवड्यात टाकतो, ग्रॅनाइट रद्द, घरी सांगितलंय, अजून बोलणं बंद आहे. रेघा तशाच ठेवतोय. एकच राहिलं, 2021 नंतरची दोन वर्षं घरफाळा थकलाय, ते घेणाऱ्याकडनं वळतं करून घेतात का आधी भरायचं?

रंकाळाकाठ:
आधी भरा की ओ. घरफाळा आणि पाणीपट्टी दोन्ही भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या, नाहीतर तेवढ्याच्या नावाखाली समोरचा पन्नास हजार पाडून मागतो.

परड्यातला:
बरं, भरतो. प्लास्टर काढायला शाहूपुरीच्या आसपास कुणी भरवशाचा मिस्त्री माहितीय का?

तांबडापांढरा:
व्यनि (खाजगी निरोप) केलाय. माणूस चांगला आहे, फक्त आत्ताच बोलून ठेवा, दसरा झाला की दिवाळीपर्यंत हाताला लागत नाही.