मदत हवी आहे : सागवानी गिटार बॉडी रंगाआधी कशी तयार करावी?

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातलं आमच्या आजोबांचं माळवद गेल्या वर्षी उतरवलं. त्यातली एक सागवानी तुळई मी जपून ठेवली आणि लातूरच्या एका सुतारदादांकडून तिची इलेक्ट्रिक गिटारची बॉडी कापून घेतली. आता रंगाशी अडलंय.

१२० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेनं मारून झालाय. दोन ठिकाणी लाकूड दबून पोचे पडले होते, ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवली, लाकूड फुगून वर आलं. आता २२० मारतोय. पण कडांना, जिथं लाकूड आडवं कापलंय, तिथं ओरखडे जातच नाहीत. तिथं ३२० पर्यंत जाऊ का?

खरी अडचण सागाच्या अंगच्या बारीक छिद्रांची. सुतारदादा म्हणतात, लांबी (पुट्टी) भर आणि ड्युको (लाकूड झाकणारा स्प्रेचा रंग) मार. पण मला आरपार दिसणारा लाल रंग हवाय, आजोबांच्या लाकडाच्या रेषा झाकायच्या नाहीत. मग छिद्रं भरणारा रंगीत ग्रेन फिलर आधी की लाकूड बंद करणारा सँडिंग सीलरचा थर आधी? सागात तेल असतं म्हणून सीलरआधी थिनरनं पुसावं म्हणतात. जुन्या, वाळलेल्या सागालाही ते लागतं का?

नेक (गिटारचा दांडा) जिथं बसतो ती खाच टेपनं झाकलीय, तिथं रंगाचा थर बसला तर नेक नीट बसणार नाही.

आणि पावसाळी दमट हवेत लॅकर (वरचा पारदर्शक चकचकीत थर) पांढरं पडतं, म्हणून दसऱ्यापर्यंत थांबावं असं वाटतं. सागावर ज्यांनी स्वतः काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. हे लाकूड मला पुन्हा मिळणार नाही.