मदत हवी आहे: कारल्यावर फळमाशी, सापळे भरतात तरी डंख सुरूच

जुन्नर भागात मांडवावर एक एकर कारली आहेत, तोडे चालू आहेत. पहिली फळं धरल्यावर क्यू ल्युअरचे (नर माशीला ओढणारा वास) १२ कामगंध सापळे लावले. सापळ्यात ढीग पडतो, तरी कारली डंखाजवळ वाकडी होऊन पिवळी पडतात आणि कापली की आत पांढऱ्या अळ्या.

सापळ्यातल्या माश्या भिंगाखाली पाहिल्या. एकीलाही मागं अंडी घालायची टोकदार सुई नाही, म्हणजे सगळे नर. तेवढं अपेक्षितच होतं. पण वाचनात आलं की या माशीचा नर साधारण दहा दिवसांनी वयात येतो आणि क्यू ल्युअरकडेही त्याच सुमारास ओढला जातो. मीलन तिन्हीसांजेला. मग सापळ्यात येण्याआधीच तो जुळून मोकळा होत असेल, तर मी मेलेल्या नरांवर खूश होतोय का?

ल्युअर वेळेवर बदलतो. किडकी फळं रोज वेचून खोल पुरतो. शेजारी दोडका आहे, तो मालक काहीच करत नाही. तोडा एक दिवसाआड असल्यानं फळांवर जहाल फवारणी नको.

मादीला अंडी पोसायला प्रथिनं लागतात, म्हणून आमिष द्यायचा विचार आहे. बांधावर मक्याच्या दोन ओळी आहेत, माश्या तिथंच विसावतात. प्रथिनयुक्त आमिष फक्त मक्यावर मारून कुणाला फरक दिसलाय का? प्रमाण काय, किती दिवसांनी आणि सकाळी मारायचं की संध्याकाळी? आणि पुढच्या हंगामात सापळे फुलोऱ्याच्या किती आधी लावू?