बॅबेजच्या यंत्रांवर चालणारं लंडन कसं रंगवावं?

प्रश्न: कथेत १८५५ चं लंडन आहे, चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाची गणनायंत्रं कचेऱ्यांत रुळलीत. पितळी चक्रं आणि वाफेपलीकडे काय दाखवू?

उत्तर १: आधी वाफ गणनायंत्रापासून दूर न्या. वाफेचं इंजीन शेजारच्या खोलीत, तिथून दांडा आणि पट्टा. गणिती कोष्टकं काढणारं बॅबेजचं डिफरन्स इंजीन क्र. २ तर हातानेच फिरतं: ३१ अंकी संख्या, सुमारे ८,००० सुटे भाग, वजन ५ टनांच्या आसपास. ते पाठीमागून दाखवा. बेरजेतले हातचे पुढे नेणारे दांडे मळसूत्रासारखे रचलेत, फिरताना लाट वर चढल्यागत दिसते. यापेक्षा सुंदर दृश्य या विषयात नाही!

उत्तर २: बिघाडही हवा. चाक दोन अंकांच्या मध्ये राहिलं की यंत्र जाम होतं. चुकीचा आकडा पुढे जाऊ नये म्हणून बॅबेजने मुद्दाम तशी योजना केली. मग कारकून घाबरतील ते अचानक पडलेल्या शांततेला.

उत्तर ३: अ‍ॅनॅलिटिकल इंजीन (कार्डांवरच्या सूचनांनुसार वेगवेगळी गणितं करणारं बॅबेजचं यंत्र) असेल तर नक्षी विणणाऱ्या जाकार मागासारखी छिद्रांची, दोरीने ओवलेली पुठ्ठ्याची कार्डं. चुकीचं कार्ड दिलं तर मोठ्याने घंटा वाजते. दमट हवेत पुठ्ठा फुगतो, छिद्रं सरकतात. कार्डांच्या खोलीत शेगडी ठेवा.