मुलांना सांभाळणाऱ्या ताईंची निवड: मुलाखतीत काय विचारावे?

प्रश्न
नमस्कार. माझी मुलगी सात महिन्यांची आणि मुलगा तीन वर्षांचा आहे. मी लवकरच पुन्हा कामावर रुजू होणार असल्याने दिवसभर दोघांना सांभाळणाऱ्या ताईंच्या आम्ही शोधात आहोत. दोघींशी बोलणे झाले. पण अनुभव किती, मुलांची आवड आहे का, या प्रश्नांना दोघींनी जवळपास सारखीच उत्तरे दिल्याने निवड कशी करावी हे उमगत नाही. नेमके काय विचारावे?

प्रतिसाद १
मुलांची आवड नाही असे मुलाखतीत कोणीही सांगणार नाही, म्हणून मत विचारण्याऐवजी घडलेले प्रसंग विचारावेत. ‘आधीच्या घरी बाळ रडायचे थांबतच नव्हते, तेव्हा तुम्ही काय केलेत?’ हा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानते, कारण थकलेल्या माणसाने वैतागून बाळाला जोरात हलवले, तर मेंदूत रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकते. बाळाला सुरक्षित जागी ठेवून काही मिनिटे बाजूला झाले, मग बाळाच्या आईला फोन केला, असे मोकळेपणाने सांगणारी व्यक्ती मला अधिक विश्वासार्ह वाटते. त्यानंतर बाळाला कसे झोपवता, हे विचारा. पहिले वर्षभर पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशीशिवाय झोपवणे सुरक्षित असते. घशात काही अडकल्यास काय कराल, हेही विचारा: एक वर्षाखालील बाळाच्या पाठीवर 5 थापा आणि मग छातीवर 5 दाब, असे आलटून पालटून करायचे असते, तुमच्या मुलाच्या वयात छातीऐवजी पोटावर दाब देतात. हे ठाऊक नसले तरी प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात शिकता येते. मात्र ‘माझ्या हातून असे कधी होणारच नाही’ हे उत्तर आले, तर मी थांबेन.

प्रतिसाद २
वरील मुद्द्यांशी सहमत आहे. परंतु आधीच्या कुटुंबांशी स्वतः फोनवर बोलल्याशिवाय होकार देऊ नका. ‘पुन्हा गरज पडली, तर यांनाच बोलवाल का?’ असे विचारा आणि उत्तर देताना ती व्यक्ती अडखळते का, याकडे लक्ष द्या. ओळखपत्र पाहणे ओघाने आलेच. नंतर तुम्ही घरी असताना काही दिवस, मोबदला देऊन, काम करून पाहण्यास सांगा. तुमची मुलगी त्यांना पाहून रडली, तर तेवढ्यावरून नकार देऊ नये, कारण या वयात अनोळखी व्यक्तीची भीती वाटू लागणे स्वाभाविक असते. त्या तिला लगेच उचलून घेतात की थोड्या अंतरावर बसून तिला सरावू देतात, ते पाहा.

प्रतिसाद ३
कामाच्या वेळा, साप्ताहिक सुट्टी, आजारपणातील रजा, उशीर झाल्यास जादा मोबदला आणि मोबाइलच्या वापराचे नियम आधीच लिहून दोघांनी मान्य करावेत. दोन लहान मुले सांभाळणे हेच पूर्णवेळ काम असल्याने त्यावर घरातील इतर कामे लादू नयेत, असे माझे ठाम मत आहे. घरात कॅमेरा लावणार असाल, तर ते त्यांना मुलाखतीतच सांगा. त्यांनाही प्रश्न विचारायला वेळ द्या: मुलांची झोपेची वेळ, औषधे, ॲलर्जी यांची चौकशी ज्या आपणहून करतात, त्यांना मी प्राधान्य देईन.