पांढरा ग्लॅडिओलस मुंबईच्या उन्हाळ्यात फुलेल का? सल्ला हवा आहे

मुलुंडची बाल्कनी
मे महिन्याच्या अखेरीस घरी मंगलकार्य आहे आणि त्या दिवशी फुलदाणीत घरच्याच पांढऱ्या ग्लॅडिओलसचे दांडे असावेत, अशी इच्छा आहे. बाल्कनी पूर्वेकडची असून सकाळचे पाच तास ऊन मिळते. गेल्या वर्षी मार्चमध्ये 12 कंद लावले होते. पाने जोमाने आली, परंतु फुलदांडे तीनच निघाले आणि त्यांच्याही कळ्या कडेने करपल्या. परदेशी चित्रफितींत हे उन्हाळी फूल म्हणून दाखवतात, मग माझे काय चुकले?

गोरेगावचा हौशी माळी
आपली निगराणी नव्हे, महिना चुकला. इंग्लंडमध्ये वसंतात कंद लावून जुलैनंतर फुले घेतात, पण तिथल्या जुलैपेक्षा आपल्या जानेवारीतली दुपारही अधिक उबदार असते. म्हणून मुंबईत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागवड करावी. वाणानुसार साधारण 70 ते 90 दिवसांत फुले येतात. पांढऱ्यात 'व्हाइट प्रॉस्परिटी' हा वाण आपल्याकडे रुळलेला आहे. कंद पसरट व चपटा न घेता जाड, उंच अंगाचा आणि दाबल्यावर घट्ट लागणारा घ्यावा, कारण फुलदांड्याचा सुरुवातीचा सारा खर्च तोच भागवतो. कुंडीत सुमारे 10 सेंटीमीटर खोल लावल्यास झाड कलंडत नाही. तरी काठीचा आधार द्यावाच.

ठाण्याची गच्ची
हिरवी जाळी बांधली, तर एप्रिलमध्येही फुले घेता येतील असे मला वाटते.

गोरेगावचा हौशी माळी
जाळीने कळ्यांचे करपणे कमी होईल, हे खरे. परंतु या झाडाला भरपूर प्रकाश लागतो आणि तो कमी पडला की फुलदांडाच धरत नाही. गच्चीवर कदाचित निभावेल, पाच तासांच्या बाल्कनीत मात्र मी हा प्रयोग करणार नाही.

दादरची फुलवेडी
कार्यासाठी पांढरे फूलच हवे असेल, तर मोगरा किंवा निशिगंध लावावा, असे मी सुचवेन. दोन्हींना आपला उकाडा मानवतो, शिवाय सुगंध मिळतो, जो ग्लॅडिओलसला जवळजवळ नसतोच. ग्लॅडिओलसचाच आग्रह असेल, तर दादरच्या फूलबाजारातून खालच्या एक-दोन कळ्यांनीच रंग दाखवलेले दांडे आणावेत व घरी उभेच ठेवावेत, कारण आडवे ठेवल्यास त्यांचे शेंडे वर वळून वाकडे होतात.

मुलुंडची बाल्कनी
मोगऱ्याची कुंडी उद्याच आणते. गेल्या वर्षीचे कंद कुंडीतच आहेत, त्यांचे काय करावे?

गोरेगावचा हौशी माळी
पाने पिवळी पडल्यावर, पण पावसाच्या आत ते काढावेत, नाहीतर कुजतील. जुन्या सुरकुतलेल्या कंदावर नवा कंद तयार झालेला दिसेल. तो वेगळा करून सावलीत वाळवावा आणि कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावा. नव्या कंदाला दोन-तीन महिन्यांची विश्रांती लागते, तोवर ऑक्टोबर येतोच.