मदत हवी आहे: मुलाचं नाव 'रीअन' ठेवावं का? अर्थ, उच्चार आणि ती रेघ

नमस्कार मंडळी,
आम्ही आयर्लंडमध्ये कॉर्कला राहतो. मुलगा झालाय. चित्रा नक्षत्र, चौथा चरण, म्हणजे अक्षर आलं 'री'. आता 'री'वरून मुलाचं नाव शोधून बघा! सांगलीहून आलेली यादी रितेशवरच संपली. मग शेजारच्या आजींनी इथलं 'रीअन' सुचवलं आणि ते बायकोच्या मनात बसलं.

मला एवढं कळलंय: आयरिश भाषेत 'री' म्हणजे राजा. आपला राजन् आणि लॅटिनमधला रेक्स याच कुळातले. पुढचा 'अन' हा लाडाचा प्रत्यय, म्हणून नावाचा अर्थ 'छोटा राजा' असा सांगतात. एड म्हणजे अग्नी, त्याचा एडन. किअर म्हणजे काळा, त्याचा किअरन, तसंच हे. (किअरन म्हणजे थोडक्यात आपला काळूराम.) गेल्या काही वर्षांत हे नाव इथे मुलांच्या पहिल्या दहांत असतं, त्यामुळे वर्गात अजून दोघं-तिघं निघतील. त्याला माझी हरकत नाही.

अडचण वेगळीच आहे. रोमन लिपीत लिहिताना यातल्या 'आय'वर तिरपी रेघ येते, तिला फादा म्हणतात. ती 'ई' दीर्घ करते. ती गाळली तर आयरिशमध्ये उरतो तो 'रिअन', म्हणजे माग, खूण. राजाचा एकदम ठसाच! शिवाय रेघ नसली की आयर्लंडबाहेर लोक सरळ 'रायन' म्हणतात. पासपोर्टच्या तळाशी मशीन वाचतं त्या ओळींत ही रेघ छापताच येत नाही, म्हणजे कुठे ना कुठे ती गळणारच.

तर जाणकारांना विचारायचंय:
आयर्लंडमध्ये मुलं वाढवलेल्यांनी सांगा, जन्मदाखल्यावर फादा आणि भारतीय कागदांवर नाही, यावरून ओसीआयच्या (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाच्या) वेळी कुणाला त्रास झालाय का?
देवनागरीत 'रीअन' लिहावं की 'रियान'? इथले लोक दुसरं अक्षर अगदी ओझरतं म्हणतात. बाबा मात्र व्हिडिओ कॉलवर खणखणीत 'रियाऽन' अशी हाक मारतात, आणि पोरगंही त्यालाच वळून बघतं.
आणि 'छोटा राजा' हा अर्थ आयरिश शिकलेल्या कुणी पक्का सांगू शकेल का? आईला पत्रिकेच्या कागदावर तो लिहायचाय.

जन्मनोंदणी तीन महिन्यांच्या आत करायची असते, तेव्हा जरा लवकर सांगा. 'रीवरून दुसरं बघा' म्हणणाऱ्यांनी कृपया नावासकट सुचवावं.